रस्ता रुंद झाला तरी कोंडी का सुटत नाही? वाहन चालवताना आणि रुंदीकरण करताना या चुका टाळा

टॉमटॉम या नकाशे तयार करणाऱ्या कंपनीने २०२४ सालासाठी जगभरातील शहरांची जी क्रमवारी लावली, तिच्यात सर्वांत संथ शहरांमध्ये पुणे चौथे आले. दहा किलोमीटर जाण्यास त्या वर्षी येथे सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद लागत होते, म्हणजे वेग ताशी अठरा किलोमीटर. रोज सराव असलेला सायकलस्वार एवढा वेग सहज राखतो. असा आकडा प्रसिद्ध झाला की चालक रस्त्यांच्या रुंदीला दोष देतात आणि प्रशासन चालकांच्या बेशिस्तीला. दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे, परंतु दोघांच्याही नजरेतून एक साधी गोष्ट सुटते. रस्त्यावरून तासाला किती वाहने जातील हे त्याच्या सर्वांत रुंद भागावर नव्हे, तर सर्वांत अडलेल्या जागेवर ठरते. ती जागा बहुधा चौकात किंवा चौकाच्या तोंडाशी असते आणि पुष्कळदा ती आपणच अडवलेली असते.

हिरवा दिवा म्हणजे मोकळा चौक नव्हे

पलीकडच्या बाजूला आपली गाडी मावेल एवढी जागा आहे की नाही हे न पाहता, केवळ सिग्नल हिरवा आहे म्हणून चौकात शिरणे ही शहरातील सर्वांत महाग चूक आहे. मी स्वतः अनेक वर्षे हेच करीत होतो. एका पावसाळी संध्याकाळी माझी गाडी चौकाच्या मधोमध अडकली. समोर बसचा मागचा भाग हातभर अंतरावर होता, डावीकडची रांग सिग्नल मिळताच माझ्या दारापर्यंत येऊन थांबली होती आणि त्या रांगेतील पहिला दुचाकीस्वार, पाठीवर जेवणाचे पार्सल पोहोचवण्याची चौकोनी पेटी, हॉर्नही न वाजवता माझ्या बॉनेटवर बोटांनी ठेका धरून उभा होता. त्याच्या बाजूचा हिरवा दिवा लागला आणि संपलाही. माझ्यामुळे तिकडचे एकही चारचाकी वाहन हलू शकले नाही. मी थांबलो असतो तर माझा एक सिग्नल गेला असता. मी शिरलो, तेव्हा माझा वेळ काही वाचला नाहीच, वर दुसऱ्या रस्त्याचाही सिग्नल वाया गेला. असे चारही बाजूंनी घडू लागले की चौक पूर्णपणे गोठतो आणि मग वाहतूक पोलिसाने हाताने एकेक वाहन मागे घ्यायला लावल्याशिवाय तो सुटत नाही. काही चौकांत पिवळ्या तिरक्या रेघांचा चौकोन आखलेला असतो, तो याचसाठी: बाहेर पडण्याची वाट मोकळी नसेल तर त्या रेघांवर चाक ठेवायचे नाही.

थांबरेषेजवळ एक रिक्षा, म्हणजे एक लेन बाद

हे नुकसान मोजता येते. सलग चाललेल्या रांगेत एका लेनमधून साधारण दोन सेकंदांना एक मोटार थांबरेषा ओलांडते, म्हणजे तीस सेकंदांच्या हिरव्या दिव्यात एका लेनमधून पंधरा आणि तीन लेनमधून पंचेचाळीस. आपल्याकडे दुचाकी, बस आणि टेम्पो एकत्र चालत असल्याने हा हिशेब ढोबळच धरायचा, परंतु प्रमाण बदलत नाही. डाव्या कडेला थांबरेषेपासून पाच मीटरवर एक रिक्षा प्रवाशाची वाट पाहत उभी राहिली की तिच्यामागची सगळी लेन मधल्या लेनमध्ये घुसू पाहते आणि पंचेचाळीसचे तीस होतात. महापालिकेने मागे अर्धा किलोमीटर रस्ता कितीही रुंद केला असला, तरी त्या रिक्षापाशी तो पुन्हा दोन लेनचा होतो. औषधाच्या दुकानात ‘दोनच मिनिटांत येतो’ म्हणून इंडिकेटर लावून उभ्या केलेल्या मोटारीचा परिणामही नेमका हाच असतो. प्रवाशाला उतरवायचे असेल, दुकानात जायचे असेल, तर चौक ओलांडून पन्नास-साठ मीटर पुढे जाऊन थांबावे. रिक्षात बसणाऱ्यानेही चौकाच्या तोंडाशी हात न करता थोडे पुढे चालत जावे. चालकाला तेथे थांबायला लावणारा प्रवासीही या चुकीचा भागीदार असतो.

लेन संपते तेथे घुसाघुशी

तीन लेनच्या दोन होतात तेथे आपल्याकडे जो आधी नाक घालेल त्याचा हक्क मानला जातो. चेनचे दात जसे डावा-उजवा, डावा-उजवा असे एकमेकांत बसतात, तशी दोन्ही रांगांतील वाहने एकाआड एक सोडली तर रांग हळू का होईना पण चालू राहते. घुसाघुशीत मात्र प्रत्येक चालक ब्रेक दाबतो आणि त्या ब्रेकची लाट मागे पसरत जाते. जपानमधील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात २३० मीटरच्या वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी सारख्या वेगाने चालवायला सांगितल्या होत्या. अपघात नाही, सिग्नल नाही, अडथळा नाही. तरीही थोड्याच वेळात काही मोटारींना पूर्ण थांबावे लागले आणि थांबण्याची ती लाट उलट दिशेने फिरू लागली. वेगातला लहानसा फरक मागच्या प्रत्येक चालकाने थोडा थोडा वाढवला, एवढेच कारण. म्हणून पुढच्या गाडीला चिकटून चालवण्याने आपण लवकर पोहोचत नाही; थोडे अंतर राखले तर मागच्यांना ब्रेक कमी वेळा लावावा लागतो.

उलट दिशेने ‘एवढेसेच’ जाणे

रुंदीकरणाबरोबर दुभाजक येतो आणि दुभाजकाबरोबर राँग साइड. सोसायटीच्या फाटकातून निघून समोरच्या बाजूला जायचे, तर वळण चारशे मीटर पुढे; म्हणून शंभर मीटर उलट दिशेने जाण्याचा मोह होतो. जाऊन-येऊन आठशे मीटरचा वळसा ताशी तीस किलोमीटर वेगाने सुमारे दीड मिनिटात पार होतो. तेवढ्या वेळासाठी समोरून येणाऱ्या प्रत्येक वाहनाला डावी लेन सोडायला लावणे हे अन्यायाचे तर आहेच, शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाहतुकीच्या प्रवाहाविरुद्ध वाहन चालवणे हे धोकादायक वाहन चालवण्याच्या व्याख्येत येते. मात्र येथे आराखडा करणाऱ्यालाही सूट देता येत नाही. रोज एकाच ठिकाणी शेकडो लोक उलटे येत असतील, तर तेथे केवळ पावत्या फाडत राहण्यापेक्षा वळण चुकीच्या जागी ठेवले आहे काय हे आधी तपासावे.

उतारावर गाडी न्यूट्रल करणे

ही चूक अवजड वाहनांची आहे, तिची किंमत मात्र सगळे मोजतात. मुंबई–बंगळुरू महामार्गावर नवा कात्रज बोगदा सोडल्यापासून नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. डिझेल वाचावे म्हणून काही चालक तेथे गाडी न्यूट्रल करतात आणि क्वचित इंजिनही बंद करतात. गिअर काढला की इंजिनाचा रोध संपतो आणि वीस-तीस टनांचा सगळा भार ब्रेकवर येतो. सतत दाबून ब्रेक तापतात आणि तापले की धरत नाहीत. इंजिनच बंद असेल तर एअरब्रेकला हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो आणि पुन्हा पुन्हा पेडल मारल्यावर टाकीतील दाब उतरतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच पट्ट्यात एका मालट्रकने अनेक वाहनांना धडक दिली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथेच पुन्हा भीषण अपघात होऊन माणसे दगावली. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा आणि तो खाली पोहोचेपर्यंत ठेवावा. मोटार किंवा दुचाकी चालवणाऱ्यांनी या उतारावर ट्रकच्या पुढे येऊन वेग कमी करू नये आणि रिकामी लेन दिसली म्हणून दोन ट्रकांच्या मध्ये राहू नये.

चांदणी चौकासारख्या बहुपदरी जोडरस्त्यांवरची चूक वेगळी असते. तेथील जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटकांनी पाडण्यात आला आणि नवी रचना ऑगस्ट २०२३ मध्ये खुली झाली. कोणत्या रॅम्पने कोथरूड, कोणत्याने मुळशी आणि कोणत्याने महामार्ग याचा घोळ नवख्याचा हमखास होतो. रॅम्प चुकला तर पुढे जाऊन वळावे. रॅम्पवर रिव्हर्स घेऊ नये, एवढेच.

आता रुंदीकरण करणाऱ्यांच्या चुका

पहिली आणि सर्वांत जुनी चूक म्हणजे जमीन पूर्णपणे ताब्यात येण्यापूर्वीच काम सुरू करणे. कात्रज–कोंढवा रस्त्याचे उदाहरण पुणेकरांना वेगळे सांगायला नको. २०१८ साली सुरू झालेले हे काम ८४ मीटर रुंदीचे होते. भूसंपादनाचा खर्च पेलवेना, तेव्हा रुंदी ५० मीटरवर आणावी लागली. जमीन मिळेल तेथे रस्ता रुंद आणि न मिळेल तेथे जुनाच अरुंद, अशा तुकड्या-तुकड्यांच्या रुंदीकरणाने वाहतूक सुधारत नाही. रुंद तुकड्यात चार रांगा होतात, पुढे त्या दोनमध्ये घुसतात आणि रोजची कोंडी तेथे कायमची मुक्कामाला येते. एवढेच नव्हे, तर कोठेही न पोहोचणाऱ्या त्या रुंद तुकड्यात महिन्याभरात टेम्पो, भंगार मोटारी आणि शहाळ्यांच्या गाड्या उभ्या राहतात. दोन चौकांमधील संपूर्ण पट्टा ताब्यात येणार नसेल, तर आधी चौकांची तोंडे मोठी करावीत. कमी जमिनीत जास्त फायदा तेथेच असतो.

दुसरी चूक विजेच्या खांबांची. डांबर पडते, पांढरे पट्टे ओढले जातात आणि नव्या लेनच्या मधोमध जुना खांब किंवा विजेची पेटी तशीच उभी असते, कारण ती हलवण्याचा खर्च कोणाचा याचा पत्रव्यवहार चालू असतो. पुण्यात डीपी म्हणजे विकास आराखडा आणि डीपी म्हणजे विजेची पेटीही, त्यामुळे डीपी रस्त्याच्या मधोमध डीपी हे दृश्य येथे कोणालाच विनोदी वाटत नाही. खांब, जलवाहिनी आणि केबल यांचे स्थलांतर डांबराच्या आधी व्हावे आणि खर्च मूळ निविदेतच धरलेला असावा.

तिसरी चूक पदपथ कापण्याची. रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या भारतीय रस्ते महासभेच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) निकषांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर जागा सलग मोकळी हवी. ती खाऊन लेन वाढवली तर चालणारी माणसे नाहीशी होत नाहीत; ती त्याच नव्या लेनमध्ये चालू लागतात. बसथांब्यापाशी तर हे उघड्या डोळ्यांनी दिसते. थांब्यासमोर मोटारी लावलेल्या असतात, म्हणून बस दुसऱ्या लेनमध्ये थांबते, प्रवासी मोटारींच्या फटींतून वाट काढत तिच्याकडे धावतात आणि बसच्या मागे थांबलेली रांग बसलाच शिव्या देते.

उड्डाणपुलाचेही असेच आहे. कर्वे रस्त्यावर नळ स्टॉपजवळ वर मेट्रो आणि खाली वाहनांचा पूल अशी दुमजली रचना २०२२ मध्ये सुरू झाली; नळ स्टॉपचा चौक हलका झाला, पण पूल जेथे उतरतो तेथे रांगा लागू लागल्या. विद्यापीठ चौकातील जुने पूल मेट्रोच्या कामासाठी २०२० मध्ये पाडावेच लागले. पुढच्या चौकाचा आणि येऊ घातलेल्या दुसऱ्या प्रकल्पाचा विचार न करता पूल बांधला की कोंडी सुटत नाही, फक्त तिचा पत्ता बदलतो.

तक्रार करतानाची चूक

‘आमच्याकडे फार ट्रॅफिक असते’ ही तक्रार कोणाच्याही टेबलावर टिकत नाही. सिग्नलची वेळ आणि बेकायदा थांबलेली वाहने हा वाहतूक पोलिसांच्या वाहतूक शाखेचा विषय आहे, खड्डे आणि पदपथ महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाचा, विजेची पेटी महावितरणची आणि नवले पुलाचा उतार राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. एकाच पत्रात चारही घातले की प्रत्येक जण ते दुसऱ्याकडे पाठवतो. त्यापेक्षा गर्दीच्या वेळी कोपऱ्यावर उभे राहून दहा सिग्नल मोजावेत: हिरवा किती सेकंद, तेवढ्यात किती वाहने गेली, थांबरेषेजवळ किती रिक्षा उभ्या होत्या आणि किती वेळा चौक अडला. तारीख, वेळ आणि एक छायाचित्र जोडून ते अर्ध्या पानाचे पत्र एकाच कार्यालयात द्यावे आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.