अनेक वर्षे उभी असलेली स्पोर्ट्स कार पुन्हा सुरू करताना

वीस-तीस वर्षे झाकून ठेवलेली जुनी स्पोर्ट्स कार समोर आली, की बॅटरी जोडून लगेच स्टार्टर मारण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा, कारण सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल केव्हाच ओघळून गेलेले असते आणि गंजाने धरलेल्या पिस्टन रिंगा पहिल्याच झटक्यात तुटू शकतात. सर्व स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर पातळ तेल सोडावे, दोन दिवस मुरू द्यावे आणि मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, क्रँक पुलीच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या टोकावरच्या चाकाच्या) बोल्टला पाना लावून इंजिन हाताने सावकाश फिरवावे. अडले तर जोर न लावता पुन्हा तेल सोडून थांबावे. या टप्प्यावरचा धीर मला सर्वांत मोलाचा वाटतो.

जुन्या पेट्रोलला वार्निशसारखा उग्र वास येतो. ते काढून टाकी, नळ्या व कार्बुरेटर साफ करावेत. नवे इंजिन ऑइल व फिल्टर घातल्यावर, इग्निशनची जोडणी काढून आणि प्लग न बसवता, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवावा.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि रबरी होज आतून फुगतात, म्हणून दोन्ही बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. टायरची नक्षी नव्यासारखी दिसली, तरी टायरही बदलावेत.