जर्मनीत आलात? आधी आठवडे मोजायला शिका

नव्याने आलेल्या मंडळींना आनमेल्डुंग (राहत्या पत्त्याची सरकारी नोंदणी), बँक खातं, आरोग्यविमा याबद्दल सांगणारे बरेच भेटतात. मी आठवड्यांच्या क्रमांकाबद्दल सांगतो.

सोफा कधी पोचेल असं दुकानात विचारलंत, तर तारीख मिळेलच असं नाही. 'कालेंडरवोखं ३८', म्हणजे वर्षातला ३८ वा आठवडा, असं उत्तर येईल. बोलताना नुसतं 'का-वे ३८'. रजा, पाळणाघराची सुट्टी, सॉफ्टवेअरचं रिलीज, सगळं याच भाषेत. पहिल्या बैठकीत मी समजल्यासारखी मान डोलावली आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन फोनवर कॅलेंडर उघडलं.

मोजणी आयएसओ ८६०१ या तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे होते. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्या आठवड्यात येतो, तो पहिला आठवडा. आपल्याकडे साधारणपणे सूर्योदयाला जी तिथी, तीच त्या दिवसाची धरतात ना? तसंच इथे गुरुवार ज्या वर्षात, अख्खा आठवडा त्या वर्षाचा. म्हणून ४ जानेवारी कायम पहिल्या आठवड्यात असते आणि २८ डिसेंबर कायम शेवटच्या.

हिशोब हातानेही होतो. तारखेवरून त्याच आठवड्याच्या गुरुवारवर जा, तो वर्षातला कितवा दिवस ते पाहा, त्यातून १ वजा करा, ७ ने भागून बाकी सोडून द्या, १ मिळवा. १ जानेवारी २०२७ ला शुक्रवार आहे. त्या आठवड्याचा गुरुवार ३१ डिसेंबर २०२६, म्हणजे ३६५ वा दिवस. ३६४ भागिले ७ म्हणजे ५२, अधिक १. उत्तर: २०२६ चा ५३ वा आठवडा. तारीख २०२७ ची, आठवडा २०२६ चा!

नवे लोक इथेच घसरतात, मीही घसरलो. मी कोड लिहितो; जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या एका प्रकल्पात तारखेच्या साच्यात चार छोट्या वायऐवजी चार कॅपिटल वाय लिहिले. छोटा वाय म्हणजे साधं वर्ष, कॅपिटल वाय म्हणजे आठवड्याचं वर्ष. ऑक्टोबरात सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास. मग ३० डिसेंबर २०२४ उजाडला, सोमवार, म्हणजे २०२५ चा पहिला आठवडा, आणि बिलांवर ३०.१२.२०२५ छापून गेलं. ग्राहकांना पैसे भरायला वर्षभराची मुदत!

तुम्हीही कोड लिहीत असाल, तर पायथनमध्ये आयसोकॅलेंडर वापरा; वर्ष, आठवडा, वार तिन्ही एकत्र मिळतात. त्यातलं वर्षच आठवड्याला जोडायचं, तारखेचं नाही. फॉरमॅट करायचं असेल तर टक्का कॅपिटल जी (आठवड्याचं वर्ष) आणि टक्का कॅपिटल व्ही (आठवडा) ही जोडी. टक्का कॅपिटल डब्ल्यू वेगळ्या नियमाने चालतो, पहिल्या सोमवारच्या आधीच्या दिवसांना तो शून्यावा आठवडा म्हणतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये वीकसोबत आयसोइयर घ्या. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या वीक फंक्शनला ३ हा मोड द्या. एक्सेलमध्ये आयसोवीकनम आहे, पण ऑफिसचं एक्सेल जर्मन असलं तर ते आयएसओकालेंडरवोखं या नावाने शोधावं लागेल.

जावास्क्रिप्टच्या जुन्या डेटमध्ये आयतं काहीच नाही. तिथे स्थानिक वेळेतल्या मिलिसेकंदांची वजाबाकी करून दिवस काढू नका, यूटीसीत (घड्याळ न बदलणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेत) काढा. मार्चअखेर इथलं घड्याळ एक तास पुढे जातं, भारतात वाढलेल्या माणसाच्या हे डोक्यातच येत नाही. २०२६ ची सुरुवात गुरुवारी झाली, त्यामुळे तो एक तास कमी भरल्याने एक दिवस कमी मोजला जातो आणि वरचा हिशोब उन्हाळाभर एक आठवडा कमी दाखवतो.

शेवटचं, आमच्या पुण्याच्या टीमबद्दल. त्यांच्या आउटलुकमध्ये बहुधा आठवडा रविवारपासून आणि पहिला आठवडा १ जानेवारीपासून अशी अमेरिकी मांडणी असते. २०२६ मध्ये रविवार सोडले तर दोन्हीकडचे आकडे जुळतात, म्हणून कोणाला शंका येत नाही. २०२७ मध्ये मात्र ४ जानेवारीपासून, रविवार सोडले तर, त्यांचा क्रमांक वर्षभर एकने पुढे असेल. मी मेलमध्ये क्रमांकाशेजारी सोमवारची तारीखही टाकतो.