ड्रंक अँड ड्राइव्हची केस झाली तर काय करावं

साताऱ्यात पोवई नाक्यावर किंवा कासच्या रस्त्याला नाकाबंदीत अडवलं, मशीनमध्ये फुंकायला लावलं आणि आकडा 30 च्या वर गेला, की घरच्यांची पहिली धावपळ ओळखी शोधण्यासाठी होते. कुणाचा मामा पोलिसात आहे का, कुणी नगरसेवक फोन करील का. बचावाला लागणारे कागद नेमके त्याच तासांत तयार होत असतात आणि तिकडे कुणाचं लक्षच नसतं. पिऊन गाडी चालवल्यानं माणसं मरतात, ते हलकं करण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण आरोप खरा असो वा खोटा, तो कायद्यानं ठरवलेल्या पद्धतीनंच सिद्ध व्हायला हवा.

आधी गुन्हा समजून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम 185 लागतं. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल चाचणीत आढळलं, तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, 15,000 दंड किंवा दोन्ही. दोषी ठरलात तर लायसन्स किमान सहा महिने जातं. हेल्मेट-सीटबेल्टचा दंड चलनावर भरून मोकळं होता येतं, 185 ला मात्र कोर्टातच उभं राहावं लागतं. लोकअदालतीतही ते मिटत नाही. त्यामुळे ‘इथंच मिटवून टाकू’ म्हणणाऱ्याच्या हातावर काही ठेवू नका. लाच देणं हा वेगळा गुन्हा होतो.

रस्त्यावर

फुंकायला नकार देऊ नका, पळू नका. नकार दिला तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, आणि तो नकार पुढे कोर्टात तुमच्याच विरोधात जातो. नळी नवी लावली का, ते बघा. नुकतंच माउथवॉश किंवा खोकल्याचं औषध घेतलं असेल तर तसं सांगा, चूळ भरून पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी घ्या म्हणा. मशीनमधून पट्टी निघते. तिच्यावरचा आकडा, तारीख, वेळ आणि मशीनचा नंबर वाचा, जमलं तर तिथंच फोटो काढा. बऱ्याचदा तो थर्मल कागद असतो. एसटीच्या तिकिटासारखी त्यावरची छपाई उडते, आणि कोर्टाची तारीख लागेपर्यंत झेरॉक्स काढण्याजोगंही काही उरत नाही.

गाडीत दोघं असाल तर ‘चालवत हाच होता’ म्हणून न पिलेल्या मित्राला पुढे करू नका. खोटं उघड पडलं की दोघंही अडकता. लायसन्स जप्त केलं तर पोच मागा. कोऱ्या कागदावर सही नको, पंचनामा वाचून मगच सही करा.

अटक झाली तर

घड्याळ बघा. कलम 202 नुसार या गुन्ह्यात अटक झाल्यापासून दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते, नाहीतर सोडावं लागतं. वेळेचा हा हिशेब बहुतेकांना माहीतच नसतो. कासवर अडवून साताऱ्याच्या सिव्हिलला आणलं, रांगेत बसवलं, डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे होते, यात दोन तास सहज जातात. म्हणून अटकेची वेळ आणि दवाखान्यातल्या नोंदीची वेळ, दोन्ही घरच्या माणसाला कळवून लिहून ठेवा.

रक्त घेताना कातडी स्पिरिटनं पुसायची नसते, कारण त्यातही अल्कोहोल असतं. बाटली तुमच्यासमोर सील झाली का, लेबलवर नाव आणि वेळ आहे का, ते पाहा. महिलेचं रक्त पुरुष डॉक्टर घेणार असेल तर दुसरी महिला हजर असलीच पाहिजे.

गुन्हा जामीनपात्र आहे. अटकेचं कारण सांगणं आणि घरी कळवणं हे पोलिसांचं काम आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. कराड, वाई, फलटणला तालुका समित्या आहेत. कोठडीतला माणूस मोफत वकिलाला पात्र असतो. फोन 15100.

कोर्टात

‘गुन्हा कबूल करा, दंड भरा, घरी जा’ असा सल्ला बाहेर बाकड्यावर सर्रास मिळतो. घाईनं ऐकू नका. कबुली म्हणजे शिक्षेची नोंद, आणि पुढची केस दुसरा गुन्हा ठरते. भरतीची तयारी करणारी पोरं या जिल्ह्यात गावोगाव आहेत. चारित्र्य पडताळणीत ही नोंद निघते. ज्याचं पोट ट्रकवर आहे त्याला सहा महिने लायसन्स नसणं म्हणजे काय, हे सांगायला नको. कबुलीनंतर अपीलही जवळपास बंद होतं, फार तर शिक्षा किती द्यावी एवढ्यापुरतं उरतं.

वकिलाला आधी कागद मागायला सांगा: पट्टीची प्रत, मशीनचा कॅलिब्रेशन दाखला (मशीन बरोबर मोजतं की नाही, याचा), डॉक्टरचा अहवाल, रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत कधी पोचला त्याची नोंद. गाडी तुम्हीच चालवत होता आणि प्रमाण मर्यादेच्या वर होतं, या दोन्ही गोष्टी सरकार पक्षानं सिद्ध करायच्या असतात. चाचणीच नसेल तर ‘तोंडाला वास येत होता’ एवढ्यावर 185 टिकणं अवघड जातं. उलट सगळे कागद चोख असतील, तर वकिलाशी बोलून, परिणाम समजून कबुली देणं हाही सरळ मार्ग आहे.

अपघात झाला असेल तर यातलं काहीही स्वतः हाताळू नका. जखमीला आधी दवाखान्यात न्या, पोलिसांना कळवा. कोणी दगावलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 लागतं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, कधी त्याहून मोठं कलम लागतं. त्या दिवशीच फौजदारी वकील हवा.

शिक्षा झालीच तर सत्र न्यायालयात अपिलाला 30 दिवस असतात. त्या काळात आणि नंतरही, लायसन्स अपात्र असताना गाडीला हात लावू नका. तसं पकडलं गेलात तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 182 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही आहे.