क्विल्टच्या बॉर्डरला झालर लागते तेव्हा

नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या एच फोर व्हिसावर अमेरिकेत सेंट लुईसला आले तेव्हा काम करायची परवानगी नव्हती, दिवसभर करायचं काय, म्हणून लायब्ररीतल्या शिवणाच्या ग्रुपला जायला लागले. तिथल्या आज्यांनी क्विल्टिंग शिकवलं, म्हणजे तुकडे जोडून वरचा थर करायचा, त्याला टॉप म्हणतात, आणि तो खालच्या थरांसकट गोधडीसारखा शिवायचा. आज माझ्याकडे स्वतःचं लाँगआर्म, म्हणजे टॉप रोलरवर ताणून सगळे थर एकत्र शिवणारं मोठं मशीन आहे आणि लोकांचे टॉप्स क्विल्ट करून देते, पण सुरुवात कशी झाली ते आधी सांगते, कारण नवीन शिकणाऱ्या बहुतेकींचा पहिला मोठा टॉप नेमका तिथेच, कडेच्या बॉर्डरपाशी अडकतो.

माझा मधला भाग ६० १/२ बाय ७२ १/२ इंच होता, त्याला सहा इंची बॉर्डर. मी काय केलं, कापडाच्या पन्ह्यातून आडव्या पट्ट्या कापल्या, जोडल्या, आणि एका टोकापासून शिवत सुटले, शेवटी उरलं ते कैचीने उडवलं. ब्लाउजला पट्टी लावतो तसंच की! बेडवर घातलं तर छान दिसत होतं. मग एका लाँगआर्मवाल्या बाईंकडे दिला. चार दिवसांनी फोन, येऊन बघून जा. त्यांनी टॉप रोलरवर ताणून लावला होता, मधला भाग सपाट, आणि दोन्ही बाजूंच्या बॉर्डरी परकराच्या झालरीसारख्या उभ्या. त्यांनी टेप लावली. मध्ये ७२ १/२, डावी बॉर्डर ७४, उजवी ७३ १/४. म्हणाल्या, हे दीड इंच मी कुठे घालू? एकतर चुण्या पडतील, नाहीतर घरी ने. घरी आणला आणि गाडीत रडले, खोटं कशाला सांगू.

आता हे दीड इंच आलं कुठून. मशीनचे खालचे दात कापड पुढे ढकलतात आणि वरचं फूट, म्हणजे कापड दाबणारा पाय, वरच्या थराला मागे धरून ठेवतं, म्हणून खालच्या थराचं कापड जास्त खपतं. माझी बॉर्डर खाली होती आणि मापून कापलेली नव्हती, त्यामुळे ती खपत गेली आणि मला वाटत होतं वा, काय सुरेख बसतीये. त्यात आडव्या धाग्याची पट्टी उभ्या धाग्यापेक्षा जास्त ताणते. त्यात मधल्या भागाची कड महिनाभर हाताळून, घड्या घालून, इस्त्री ओढून आधीच सैल झालेली. अशा कडेवर बॉर्डर अंदाजाने लावली की बॉर्डर त्या सैल कडेच्या मापाची होते. कोणी म्हणतं माझी बॉर्डर वाकडी आली तेव्हा मी आधी मधला भागच बघते, बॉर्डर बिचारी फक्त चुगली करते.

म्हणून एकच गोष्ट पक्की करा, बॉर्डर मापून कापायची, लावून कापायची नाही. टॉप जमिनीवर पसरा, हाताने हलकेच सपाट करा, ओढायचं नाही. लांबी तीन जागी मापा, एकदा बरोबर मध्यातून आणि दोनदा मध्य आणि कड यांच्या अधेमधे. कडेवर मापू नका, कड खोटं बोलते. समजा ७२ १/४, ७२ १/२, ७२ ३/४ आलं, तर सरासरी ७२ १/२, आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या तेवढ्याच, एकावर एक ठेवून एकदम कापायच्या. मग पट्टीची अर्धी घडी, पाव घडी, परत अर्धी, त्या त्या जागी टाचणी. टॉपच्या कडेलाही तशाच खुणा. टाचणीला टाचणी जुळवायची आणि शिवायचं. दोन टाचण्यांच्या मधे ज्या थराला झोळ आहे तो खाली, दातांच्या बाजूला ठेवा, म्हणजे जे दात माझ्या जिवावर उठले होते तेच तुमचा झोळ जिरवून देतात. बाजूच्या बॉर्डरी लागल्या, इस्त्री झाली की मगच रुंदी मापायची, ती या दोन बॉर्डरी धरून, आणि वरखालच्या पट्ट्या त्या मापाच्या.

पट्ट्या कापडाच्या काठाला समांतर, उभ्या धाग्यात कापल्या तर उत्तम. माझ्या मापाच्या टॉपला चारही पट्ट्या ७२ १/२ च्याच येतात, सव्वादोन यार्ड कापड पुरतं आणि जोडही द्यावे लागत नाहीत. कापड जास्त लागतं हे खरं, पण आतल्या तुकड्यांवर एवढा खर्च केल्यावर बॉर्डरला चिकटपणा करू नये असं माझं मत.

तीन मापांमध्ये अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक आला तर मात्र बॉर्डर कापू नका, आत काहीतरी बिघडलंय. बहुतेक वेळा शिवण. शिवण पाव इंचापेक्षा फक्त १/१६ इंच जास्त घेतली तर शेजारचे दोन्ही ब्लॉक, म्हणजे टॉपचे चौकोन, तेवढे कमी होतात, म्हणजे एका शिवणीला १/८. दहा ब्लॉकच्या ओळीत नऊ शिवणी, झाला १ १/८ इंच फरक! एक ओळ नीट आणि शेजारची अशी असली की जोडताना ओढाताण, मग मधेच पोट फुगतं. तपासायला दीड इंची तीन पट्ट्या एकमेकींना जोडा आणि इस्त्री करा, एकूण रुंदी बरोबर ३ १/२ आली पाहिजे आणि मधली पट्टी १ इंच. नाही आली तर सुई नाहीतर फूट सरकवा. मी हे करायला दोन वर्षं आळस केला.

इस्त्रीचंही तसंच. भाकरी थापतो तशी इस्त्री ठेवायची आणि उचलायची, पोळी लाटतो तशी फिरवायची नाही. वाफ तर जपून, तिरप्या कडेवर वाफ सोडून ओढलीत की संपलंच. कापड कापायच्या आधी स्टार्च मारा, आई सुती साड्यांना कांजी करायची त्याचा अर्थ मला इथे येऊन कळला.

आणि तिरपं कापड. शिंपी ज्याला उरेब म्हणतात ते. ब्लॉक चौकटीसारखे उभे लावले, म्हणजे कोपऱ्यावर उभा हिरा, तर कडेला त्रिकोण लागतात, आणि नवीन मुली चौकोनाचे दोन तुकडे करून ते त्रिकोण लावतात. मग लांब बाजू उरेबात येते आणि टॉपची अख्खी कडच रबरासारखी होते. कडेच्या त्रिकोणांसाठी मोठा चौकोन घेऊन दोन्ही कर्णांवर कापायचा, चार त्रिकोण निघतात आणि लांब बाजू सरळ धाग्यात येते. तयार ब्लॉक १२ इंची असेल तर १२ गुणिले १.४१४ अधिक १ १/४, म्हणजे साधारण १८ १/४ चा चौकोन. चार कोपऱ्यांना मात्र ९ ३/८ चे चौकोन एकदाच कापायचे. हे उलटसुलट केलेला टॉप मी लांबून ओळखते.

आमची आजी मिरजेकडची, ती वाकळ शिवायची. तिला हे दुखणं कधीच नव्हतं. जुन्या लुगड्याच्या थरांवर तुकडे ठेवायचे आणि कडेपासून आत धावदोरा घालत यायचं, वेगळा टॉप असा नसायचाच. कर्नाटकातल्या सिद्दी जमातीच्या बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, तीही अशीच कडेकडून मधे येते. तुकड्यांना धरायला खाली आधी कापड आहे, मग झोळ धरणार कुठे. आपण तुकडे हवेत जोडतो आणि मग जमिनीला भांडतो.

झालेला टॉप दुरुस्त करायचा असेल तर आधी जमिनीवर टाकून बघा किती वाकडा आहे. दोन्ही कर्ण मापा, सारखे असले तर टॉप गुण्यात आहे, म्हणजे कोपरे काटकोनात आहेत. बॉर्डर अर्धा इंचापर्यंत जास्त असेल तर स्टार्च आणि थोडी वाफ, खालून वर दाबत इस्त्री, बऱ्यापैकी बसतं. इंचभर असेल तर फुगीर बॅटिंग, म्हणजे मधला मऊ थर, घाला आणि बॉर्डरवर दाट क्विल्टिंग करा, काही जिरतं, सगळं नाही. त्याच्या वर असेल तर उसवा. बायका उसवायला फार घाबरतात पण बॉर्डर उसवायला तासभर लागतो, एका बाजूने दर चौथा-पाचवा टाका कापत जायचं आणि उलट्या बाजूचा दोरा ओढून काढायचा. कोपरा काटकोनात नसेल तर मोठी चौकोनी पट्टी ठेवून कापा, पण कडेच्या नक्षीतल्या चांदणीची टोकं जाणार असतील तर हात लावू नका, थोडी तिरपी कड चालते, टोक तुटलेली चांदणी नाही चालत. शेवटी टॉपच्या चारही कडांना १/८ इंच आत एक साधी टीप मारून ठेवा म्हणजे पाठवताना कड परत ताणत नाही. केंटकीत पडुकाला नॅशनल क्विल्ट म्युझियम आहे, १९९१ सालचं, आमच्या इथून तीन तासांवर. तिथे भिंतीवर टांगलेल्या क्विल्टच्या कडा बघितल्या की कळतं जमिनीवर लपलेला झोळ भिंतीवर लपत नाही.

नवऱ्याचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा अर्ज, पास झालं, माझं ईएडी, म्हणजे कामाचं परवानगीपत्र, आलं, तेव्हा जुनं लाँगआर्म घेतलं. स्क्वेअर इंचावर पैसे घेते, दोन सेंट. ७२ बाय ८४ म्हणजे ६०४८ स्क्वेअर इंच, जवळजवळ १२१ डॉलर. हे काम करायची इच्छा असेल तर एक सांगते, टॉप घेतानाच गिऱ्हाइकासमोर टेप लावा, मध्य आणि चारही कडा, आणि आकडे फॉर्मवर लिहून सही घ्या. नाहीतर चुण्या तुमच्या नावावर पडतात. मी पहिल्या वर्षी दोनदा पैसे परत दिलेत. इंचाच्या वर झोळ असेल तर मी टॉप परत देते, बॉर्डर बदलून आण म्हणते.

एकदाच नाही दिला. एक बाई वारलेल्या नवऱ्याच्या शर्टांची क्विल्ट घेऊन आल्या, सव्वा इंच झोळ, शर्टांचं कापड उरलेलं नव्हतं आणि त्यांना उसवायचं नव्हतं. मी एका खिशाच्या शेजारी दोन बारीक चुण्या घेतल्या, आधी त्यांना दाखवून. त्या म्हणाल्या असू दे, तो कुठे कधी सरळ शर्ट घालायचा.