बाल्कनी बंद करून केलेली सनरूम कशी साफ ठेवायची : काचा नंतर, आधी ट्रॅक

सनरूम म्हटलं की बंगल्याच्या मागे काचेची ऐसपैस खोली वगैरे डोळ्यासमोर येतं, आमची म्हणजे पुण्यातल्या फ्लॅटची चौथ्या मजल्यावरची दहा बाय पाचची बाल्कनी, तीन ट्रॅकचं (काचा सरकायच्या तीन खाचांचं) अल्युमिनियम स्लायडिंग लावून बंद केलेली. (परवानगी घेतली होती का हा प्रश्न सोसायटीच्या ग्रुपवर विचारा, इथे नको.) त्यात तुळस, दोन वेताच्या खुर्च्या, एप्रिल-मेमध्ये सासूबाईंच्या साबुदाण्याच्या पापड्या आणि उरलेलं वर्षभर कपड्यांचा स्टँड.

पहिली दोन वर्षं मी पण सगळ्यांसारखंच करायचे, दिवाळी आली की काचा लख्ख पुसायच्या आणि झालं. मग एका जूनमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात खालचा ट्रॅक काठोकाठ भरला आणि पाणी आत, थेट हॉलमधल्या सोफ्याखाली. फॅब्रिकेटरला फोन केला तर म्हणे मॅडम हवाच जास्त होती. आमची बाल्कनी पश्चिमेला, पावसाचं वारं तिकडूनच येतं, त्यामुळे हवा होती हे खरं, पण ट्रॅकमधलं पाणी बाहेर जायला बाहेरच्या बाजूने खाली जी छोटी भोकं असतात ती मातीने गच्च बसली होती आणि एका कोपऱ्यात तर पाडायचीच राहिली होती!

म्हणून मे महिन्यात, पावसाआधी, पहिलं काम ट्रॅकचं. आधी पाणी ओतू नका, नुसता चिखल होतो. कोरडंच करायचं, रंगाचा जुना ब्रश घेऊन सगळं एका कडेला ओढायचं आणि व्हॅक्यूम असेल तर त्याच्या चपट्या तोंडाने खेचून घ्यायचं, नसेल तर पोस्टकार्डासारखा जाड कागद दुमडून सुपलीसारखा वापरायचा. माझ्या ट्रॅकमध्ये काय काय निघालं सांगू, तुळशीच्या मंजिऱ्या, मेलेल्या मुंग्या, कबुतराचं पीस, मुलाचा अर्धा खोडरबर आणि पापड्यांचे चुरे. नंतर कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब, टूथब्रशने घासायचं आणि फडक्याने टिपून घ्यायचं. मग खराट्याचा एक हीर घ्या आणि प्रत्येक भोकात आतून फिरवा, तार नको, पावडर कोटिंग खरवडतं. शेवटी मगभर पाणी हळूहळू ट्रॅकमध्ये सोडा, मिनिटभरात पातळी उतरली तर पास. बाहेर वाकून बघायची काहीही गरज नाही, फक्त खालच्या मजल्यावर आधी सांगा, आमच्या खालच्या काकूंची गादी वाळत होती, त्यावरून जे ऐकून घेतलं ते लिहीत नाही. भोकंच नसतील तर फॅब्रिकेटरला बोलवून पाडून घ्या, स्वतः ड्रिल घेऊन बसू नका.

शटर (फ्रेमसकट सरकणारी काच) जड जातंय म्हणून ट्रॅकमध्ये तेल घालू नका. आमच्याकडे खोबरेल घातलं गेलं होतं (कोणी ते विचारू नका), महिन्याभरात धुळीचे लाडू वळले गेले. सिलिकॉन स्प्रेचा हलका फवारा रोलरवर पुरतो. तरीही घासत असेल तर शटरच्या कडेला खाली रोलर वर-खाली करायचा स्क्रू असतो, बऱ्याच डिझाइनमध्ये असतो, तो थोडा फिरवून बघा. शटर काढून धुवायचा मोह एकट्याने तर अजिबात नको, ५ मिमी काचेचं वजन चौरस मीटरला साडेबारा किलो असतं, म्हणजे चार बाय पाच फुटाचं शटर फ्रेम सोडूनच २३ किलो भरतं.

आता काचा. उन्हात तापलेली काच धुवायची नाही, साबण जागेवर सुकतो आणि ओरखड्यासारखे पट्टे राहतात, आमच्याकडे दुपारनंतर ऊन येतं म्हणून मी सकाळीच करते. पाणी, दोन थेंब लिक्विड, मायक्रोफायबरचं फडकं आणि रबराचा छोटा वायपर, वरून खाली ओढायचा आणि दर वेळी रबर पुसायचं, बास. बाहेरची बाजू हात आणि लांब दांडा पोचेल तेवढीच, कट्ट्यावर चढून नाही, फिक्स काचेसाठी बेल्ट लावून काम करणारा माणूस बोलवा. आणि कोरड्या ब्लेडने सिमेंटचे ठिपके खरवडू देऊ नका, काचेवर कायमचे ओरखडे राहतात.

बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचे पांढरे डाग साबणाने निघत नाहीत, तो क्षार असतो, त्याला आंबटच लागतं. व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, त्यात फडकं भिजवून पाच-दहा मिनिटं काचेला चिकटवून ठेवायचं आणि मग साध्या पाण्याने पुसायचं. पण काचेखालची दगडी पट्टी कशाची आहे ते आधी बघा, ग्रॅनाइट असेल तर ठीक, कडप्पा, कोटा, शहाबाद, संगमरवर असेल तर आंबट त्याची पॉलिश खातं. मी अर्धं लिंबू दोन मिनिटं कडप्प्यावर ठेवलं होतं, त्याचा पांढुरका गोल अजून तिथे आहे, वर कुंडी ठेवून लपवलाय. टॉयलेट क्लीनर तर अल्युमिनियमच्या जवळपासही नको. आणि कोपऱ्यातल्या बुरशीला ब्लीच वापरणार असाल तर त्या दिवशी व्हिनेगरची बाटली आत ठेवून द्या, दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन वायू होतो.

कबुतरांची घाण कोरडी झाडायची नाही. मास्क लावायचा, आधी पाणी मारून भिजवायची, मग कागदाने उचलायची, ती धूळ फुप्फुसांना त्रास देते. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये एवढा गदारोळ झाला तेव्हा कुठे आमच्या शेजाऱ्यांनी दाणे टाकणं कमी केलं.

फ्रेम आणि भिंतीमधलं सिलिकॉन मेमध्येच बघून घ्या, बोटाने दाबलं आणि सुटलं तर नुसतं वरून नवीन थापू नका, जुनं कटरने पूर्ण काढून, जागा कोरडी करून मग भरायचं आणि दिवसभर पाणी लागू द्यायचं नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्तातलं नको, सिमेंट आणि धातूला न्यूट्रल मागा. बाल्कनीच्या फरशीतली पाणी जायची जाळी टाइल्सखाली बुजवली नसेल तर तिच्यात आठवड्याला मगभर पाणी ओता, आता पाऊस आत येत नाही त्यामुळे तिच्याखालचा ट्रॅप (पाणी साठून राहणारा वाकडा भाग) सुकतो आणि झुरळं वर येतात.

पाऊस सुरू झाला की दर रविवारी भोकांतून हीर फिरवायचा. माझा मी पडद्याच्या रॉडला दोऱ्याने बांधून ठेवलाय, नाहीतर सासूबाई तो परत खराट्यात खोचतात.