नायट्रिक ऑक्साइडवर लेझर टाकताना या चुका टाळा

226 नॅनोमीटरचा लेझर टाकला की नायट्रिक ऑक्साइडचा रेणू A नावाच्या उत्तेजित अवस्थेत जातो आणि अतिनील प्रकाश सोडत खाली येतो. प्रयोग सरळ आहे. तरी दरवर्षी नव्या मुलांच्या वह्यांत त्याच चुका सापडतात.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे हवेतल्या तरंगलांबीवरून थेट तरंगसंख्या (एका सेंटिमीटरमध्ये मावणाऱ्या लहरींची संख्या) काढणं. 226 चा प्रकाश डाय लेझरच्या 452 नॅनोमीटरच्या प्रकाशाची तरंगसंख्या दुप्पट करून मिळवतात. आमच्याकडच्या एका विद्यार्थ्याने डाय लेझरवरचा 452 च्या आसपासचा आकडा घेतला, त्याची तरंगसंख्या काढली, दुप्पट केली आणि रेणू ज्या ठरावीक जागी प्रकाश शोषतो त्या रेषांच्या छापील तक्त्याशी ताडून पाहिली. प्रत्येक रेषा सुमारे 12 प्रति सेंटिमीटर वर! टकरींमुळे पातळ्या सरकल्या असं ठरवून त्याने प्रबंधाचं प्रकरणही लिहायला घेतलं. मी एवढंच विचारलं, की सगळ्या रेषा अगदी सारख्या कशा सरकल्या? सेलमध्ये, म्हणजे वायू भरलेल्या बंद पात्रात, दाब एक टॉरच्या (वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 760 व्या भागाच्या) आसपास, तेवढ्याने इतका फरक पडणं शक्यच नाही. तक्ते निर्वाताचे असतात, लेझरवरचा आकडा हवेतला, आणि 452 ला हवेचा अपवर्तनांक 1.00028. बारा तिथूनच आले.

इथेच आणखी एक ठेच लागते. दुरुस्ती 452 वर करायची आणि मग दुप्पट करायचं. आधी दुप्पट करून 226 चा अपवर्तनांक लावलात तर एकाहून जास्त प्रति सेंटिमीटरची चूक उरते, आणि रेषेची डॉप्लर रुंदी, म्हणजे रेणूंच्या हालचालीमुळे येणारी रुंदी, खोलीच्या तापमानाला जेमतेम 0.1 प्रति सेंटिमीटर आहे. घाई करणाऱ्यांना हे किरकोळ वाटतं, मला नाही वाटत. आयोडीनच्या सेलने पडताळू म्हणाल, तर 499 नॅनोमीटरच्या अलीकडे आयोडीनचा रेणू तुटतो, सुट्या रेषा मिळत नाहीत. निळ्यात टेल्युरियमचा तापवलेला सेल वापरतात.

ऑसिलोस्कोपचं इनपुट एक मेगाओहमवर ठेवून आयुष्यकाल, म्हणजे रेणू उत्तेजित अवस्थेत सरासरी किती वेळ टिकतो ते, मोजू नका. मीटरभर केबलची धारिता सुमारे 100 पिकोफॅरड असते, म्हणजे तुम्ही केबलचे 100 मायक्रोसेकंद मोजता आहात. 50 ओहम लावा.

लेझरची शक्ती वाढवली की सिग्नल छान दिसतो, म्हणून मुलं ती वाढवत नेतात. तीव्र रेषा आधी संपृक्त होतात, म्हणजे शक्ती वाढवली तरी त्या प्रमाणात वाढत नाहीत, कमकुवत रेषा तुलनेने मोठ्या दिसतात, आणि त्यांच्या उंचीवरून काढलेलं तापमान खोटं ठरतं. मी दर वेळी फिल्टर लावून शक्ती निम्मी करते. सिग्नल निम्मा झाला नाही तर त्या दिवशी तापमान काढत नाही.

गळतीकडे दुर्लक्ष नको. A अवस्थेचा नैसर्गिक आयुष्यकाल सुमारे 200 नॅनोसेकंद आहे. नायट्रोजन तिला फारसा त्रास देत नाही, पण ऑक्सिजन जवळजवळ प्रत्येक टकरीत तिची ऊर्जा काढून घेतो. साध्या वातावरणाच्या दाबाला हवेत ती एक-दोन नॅनोसेकंदच टिकते. सेलमध्ये एक टॉर हवा शिरली तरी 200 चे 165 च्या आसपास होतात, आणि आलेख इतका सुबक दिसतो की शंकाही येत नाही. म्हणून एकाच दाबावरचं माप मी स्वीकारत नाही. चार-पाच दाबांवर मोजा, आयुष्यकालाचा व्यस्त दाबासमोर काढा आणि रेषा शून्य दाबापर्यंत न्या. मग सेल बंद करून रात्रभर ठेवा आणि सकाळी त्याच दाबावर परत मोजा. आकडा खाली आला असेल तर आधी ओ-रिंग (सेलच्या जोडावरची रबरी कडी) बदला.