घरातल्या आजारांची यादी कशी करायची आणि त्यातून मुलांचा धोका कसा ओळखायचा

डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणाला शुगर-बीपी आहे का, की आपण "हो, आजोबांना आहे ना" म्हणून मोकळे होतो. मुलाच्या दृष्टीने हे उत्तर अर्धवटच, कारण सत्तरीत शुगर निघालेले आजोबा आणि पस्तिशीत शुगर निघालेली मावशी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आजार जितक्या लहान वयात लागलाय तितका त्यात रक्ताचा वाटा जास्त असण्याची शक्यता. म्हणून यादी करताना आजाराच्या नावाशेजारी वय आलंच पाहिजे.

आधी माणसं ठरवा. मुलाचे आईवडील आणि सख्खी भावंडं, त्यानंतर दोन्हीकडचे आजी-आजोबा, काका, आत्या, मामा, मावशी. पहिल्या गटाशी साधारण निम्मे जीन्स जुळतात, दुसऱ्याशी पाव. चुलत-मावस भावंडांशी आठवा हिस्सा, तिथे फार खोलात जाऊ नका. काकू, मामी वगळा, रक्ताचं नातं नाही (नात्यातलं लग्न नसेल तर). आणि मामाच्या मुलीशी वगैरे लग्न झालेलं असेल तर ते यादीत ठळक लिहा, एरवी दबून राहणारे आजार अशा घरात वर येऊ शकतात. माहेरची बाजू बहुतेक घरांत अर्धवट राहते, ती मुद्दाम भरा.

आता विचारायचं. "बाबांना कितव्या वर्षी अटॅक आला?" असं थेट विचारलं तर आजी म्हणणार, काय की बाई! त्यापेक्षा विचारा, ७२ च्या दुष्काळात होते का, धाकट्या आत्याच्या लग्नात ते चालत होते का, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आजारी होते का. वय बरोबर निघतं. "अटॅकने गेले" यावर तर लगेच विश्वास ठेवू नका, आपल्याकडे झोपेत गेलेला प्रत्येक माणूस अटॅकनेच गेलेला असतो. छातीत दुखलं होतं का, पाय कापावा लागला का, डायलिसिस चालू होतं का, बिडी-तंबाखू किती होती हे विचारा, आणि कपाटावरच्या पिशवीतल्या जुन्या फायली काढा. लहानपणी गेलेली मुलं, तरुणपणी खेळताना कोसळलेला किंवा पोहता येत असून बुडालेला कोणी, हेही लिहा, कारण हृदयाच्या ठोक्याचे काही आजार घराण्यात चालतात.

यादी झाली की या गोष्टी शोधा.

हृदय: जवळच्या नात्यात पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत अटॅक, बायपास, अँजिओप्लास्टी झाली असेल किंवा आईवडिलांपैकी कोणाचं कोलेस्टेरॉल खूप जास्त असेल तर मुलाची लिपिड टेस्ट (रक्तातल्या चरबीची तपासणी) वयाच्या २ वर्षांनंतर कधीही करता येते, डॉक्टरांना विचारा. जास्त कोलेस्टेरॉलचा एक आनुवंशिक प्रकार साधारण २५० लोकांत एकाला असतो, एका पालकाला असला तर प्रत्येक मुलाला यायची शक्यता ५० टक्के. मूल बारीक आहे, पळतंय, म्हणून निर्धास्त राहू नका, यात बाहेरून सहसा काहीच दिसत नाही.

शुगर: आईला गरोदरपणात शुगर होती का हे आधी लिहा, ते सगळे विसरतात. घरात टाइप २ (मोठेपणी होते ती नेहमीची शुगर) आहे आणि मुलाचं वजनही जास्त आहे, तर १० व्या वर्षी किंवा वयात येताना, जे आधी होईल तेव्हा तपासणी करून घ्या. मानेवर, काखेत काळपट जाडसर पट्टा आला की आपल्याकडे साबण लावून घासतात, पण तो मळ नसतो हो, बऱ्याचदा शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची खूण असते.

रक्त: कोणाला सारखं रक्त चढवावं लागायचं का? हिमोग्लोबिन आयर्नच्या गोळ्यांनीही चढत नाही का? थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे हिमोग्लोबिनचे आनुवंशिक आजार. थॅलेसेमिया सिंधी, लोहाणा, कच्छी घरांत जास्त दिसतो, सिकलसेल गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी भागात आणि विदर्भात. हे ओळखणारी एचपीएलसी ही रक्ताची टेस्ट खरंतर लग्नाआधीच करायची, कारण दोघेही थॅलेसेमिया मायनर (स्वतःला सहसा त्रास नाही, पण मुलात उतरू शकतो) असले तर दर गरोदरपणात मूल मेजर (सारखं रक्त चढवावं लागणारं) असण्याची शक्यता २५ टक्के.

यादी कोरी निघाली तरी बीपी-वजन बघत राहा, टाइप १ डायबेटिस (शरीरात इन्सुलिनच तयार होत नाही तो) झालेल्या बहुतेक मुलांच्या घरात आधी कोणालाच तो नसतो. आणि यादी भरलेली निघाली म्हणून ऑनलाइन किट मागवून मुलाची जीन टेस्ट करू नका, आणि त्याच्यासमोर "तुलाही होणारच" असलं काही बोलू नका. जीन्सइतकंच घरातलं जेवण, झोप, टीव्हीसमोरचं बसणंही सगळ्यांचं एकच असतं, आणि ते बदलता येतं.

कागदाचा फोटो काढून मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, कोणाला नवीन काही निघालं की त्यात भर घाला. फॅमिली ग्रुपवर टाकायचा असेल तर ज्याचा आजार आहे त्याला आधी विचारा, बहिणीचं डिप्रेशन किंवा मिसकॅरेज सगळ्या खानदानाला कळायची गरज नाही.